गोरेपणाचा बाजार आणि जनुकांची साक्ष

लग्नसराई जवळ आली की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात वधू-वर परिचय मेळाव्यांचे फलक लागतात. मराठा समाजाचे, लिंगायत समाजाचे, जैन समाजाचे, तसेच आपल्या बौद्ध समाजाचेही. मेळाव्याच्या अर्जात नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, उंची असे रकाने असतात आणि उंचीच्या खाली बहुधा आणखी एक रकाना असतो : वर्ण. त्यात काय लिहायचे याचीही परिभाषा ठरलेली आहे. गोरा, निमगोरा, गव्हाळ, फार तर सावळा. 'काळा' हा शब्द आम्ही आजवर एकाही अर्जात वाचलेला नाही. जणू महाराष्ट्रात काळा माणूस जन्मालाच येत नाही!

वरच्या रकान्यात 'धर्म : बौद्ध' असे अभिमानाने लिहिणारा आपला पदवीधर तरुण चार ओळी खाली उतरतो आणि 'अपेक्षा' या सदरात लिहितो, 'सुशिक्षित, सुस्वभावी, गोरी'. १९५६ साली नागपुरात आपण चातुर्वर्ण्याला मूठमाती दिली. तोच 'वर्ण' आज अर्जातला रकाना होऊन आपल्या घरात बसला आहे आणि आपणच त्याला पाट मांडून दिला आहे. वाचकहो, हा विषय केवळ बायकांच्या नटण्या-मुरडण्याचा नाही. सिद्धार्थनगरातली एखादी बीएस्सी झालेली मुलगी तीन-तीन वेळा 'दाखवून' नाकारली जाते आणि नाकारणारे आपलेच असतात, तेव्हा या रंगाच्या गोष्टीचा मुळापासून विचार करणे भाग पडते.

पहिला प्रश्न असा की, वर्ण म्हणजे खरोखर रंग काय? शाळेत असे शिकवले गेले की, आर्य गोरे, दास काळे, म्हणून रंगावरून वर्ण पडले. हे इतक्यांदा सांगितले गेले की, आपल्यालाही ते पटून गेले आहे. पण मग आपल्याच भाषेतल्या एका जुन्या म्हणीचे काय करायचे? काळ्या ब्राह्मणापासून आणि गोऱ्या शूद्रापासून जपून राहावे, अशा अर्थाची म्हण मराठीत आहे आणि तिच्या बहिणी उत्तर हिंदुस्थानातल्या बोलींतही आहेत. म्हण करणाऱ्याच्या मनात काय विष होते ते उघड आहे. पण त्याच्या हातून एक खरी गोष्ट नकळत नोंदली गेली. जी गोष्ट गावात कुणी कधी पाहिलीच नाही, तिच्याविषयी सावध राहा असे कोणी सांगत नाही. काळे ब्राह्मण होते, गोरे शूद्र होते, आणि ते इतके होते की त्यांच्यासाठी म्हण करावी लागली!

दुसरा दाखला तर आमच्या कोल्हापूरचाच आहे. १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर छत्रपती शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला गेला आणि वेदोक्त प्रकरण पेटले. त्या साऱ्या वादात महाराज गोरे की सावळे हा प्रश्न कोणी विचारला काय? भटजींनी महाराजांच्या कातडीकडे ढुंकूनही पाहिले नाही, त्यांनी जन्म पाहिला. गादीवरचा राजादेखील त्यांच्या लेखी शूद्र ठरला. ज्या माणगावच्या परिषदेत २१ आणि २२ मार्च १९२० रोजी महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून जाहीर केले, त्या परिषदेला जमलेल्या माणसांतही सर्व छटांचे लोक असणार. त्यांना विहिरीपासून दूर ठेवताना कोणी रंगाची पट्टी लावून पाहिली नव्हती.

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू. माणसाच्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. गंमत अशी की, गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी किती रंगद्रव्य बनवतात, कोणत्या प्रकारचे बनवतात, त्याच्या पुड्या किती मोठ्या बांधतात आणि त्या कशा पसरवतात यात. म्हणजे कारखाने सर्वांकडे तितकेच, फक्त गाळप कमी-जास्त! ऊसपट्ट्यातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हे गाळप कमी-जास्त का झाले, याचे उत्तर सूर्याकडे आहे. विषुववृत्ताजवळ अतिनील किरणांचा मारा फार. तो कातडीतून आत गेला तर शरीरातले फोलेट नष्ट होते आणि फोलेट कमी पडले की गर्भाच्या मज्जारज्जूत दोष येतात. म्हणून तिथे गडद कातडी ही आईच्या पोटातल्या लेकराची ढाल ठरली. उत्तरेकडे ऊन तोकडे. तिथे ड जीवनसत्त्व बनायचे तर किरण आत यायला हवेत, म्हणून तिथे फिकी कातडी टिकली. मानववंशशास्त्रज्ञ नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली ही मांडणी जगाच्या नकाशावर दाखवून दिली. यात श्रेष्ठ-कनिष्ठ कुठे आले? ही हवामानाशी केलेली तडजोड आहे. युरोपचा माणूसही पहिल्यापासून गोरा नव्हता. ब्रिटनमध्ये सापडलेल्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यातील डीएनए तपासला, तेव्हा त्या माणसाची कातडी सावळी ते काळी असावी असा अंदाज २०१८ साली जाहीर झाला. ज्या साहेबाने आपल्याला 'नेटिव्ह' म्हणून हिणवले, त्याच्या मुलखातला पूर्वज हा असा!

रंगाच्या या शोधात एका माशाने मोठीच कामगिरी बजावली. झेब्राफिश नावाचा बोटाएवढा पट्टेरी मासा प्रयोगशाळांत पाळतात. त्यात कधी कधी फिक्या पट्ट्यांचा मासा निपजतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचे कारण शोधले, तेव्हा एक जनुक बिघडलेले आढळले. तेच जनुक माणसातही आहे, त्याचे नाव एसएलसी२४ए५. माणसाच्या या जनुकाचा संदेश त्या फिक्या माशाच्या गर्भात सोडला, तर माशाचा काळा रंग परत आला. हे संशोधन २००५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. या जनुकात एका ठिकाणी फक्त एक अक्षर बदलले की प्रथिनातला एक घटक बदलतो आणि कातडी उजळते. युरोपात जवळजवळ सर्वांत हे बदललेले अक्षर असते. चीन-जपानकडचे लोकही फिक्या रंगाचे, पण त्यांच्यात हे अक्षर सहसा नसते, त्यांची कातडी दुसऱ्याच जनुकांनी उजळली. म्हणजे गोरेपणाचे एक घराणे म्हणून नाहीच. २०१७ साली आफ्रिकेतील लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले की रंग गडद करणारे आणि उजळ करणारे असे दोन्ही प्रकारचे बदल खुद्द आफ्रिकेत लाखो वर्षांपासून नांदत आहेत.

आणि भारतात? हैदराबादच्या सीसीएमबीतील आणि एस्टोनियातील शास्त्रज्ञांनी मिळून २०१३ साली याच जनुकाचा भारतीय समाजांतला शोध प्रसिद्ध केला. रंग मोजायचा तर दंडाच्या आतल्या बाजूला मोजतात, कारण ती जागा उन्हाने रापत नाही. ही बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा चेहरा आणि पेढीवर बसणाऱ्या शेठजीचा चेहरा शेजारी ठेवून जे जातीचा रंग ठरवतात, ते प्रत्यक्षात कष्टाचा आणि सावलीचा रंग मोजत असतात. उन्हात कोणी राबायचे आणि सावलीत कोणी बसायचे हे जातीने ठरवले आणि मग रापलेल्या कातडीलाच जातीचा पुरावा म्हणून उभे केले.

त्या अभ्यासात असे आढळले की उजळपणाचे ते अक्षर काश्मिरापासून तामिळनाडूपर्यंत कमी-अधिक प्रमाणात सगळीकडे विखुरलेले आहे. काही समाजांत ते बहुतेकांत आहे, काहींत थोड्यांत. युरोपातले आणि आपल्याकडचे हे अक्षर एकाच प्राचीन उगमातून आलेले आहे, हेही निश्चित झाले. दक्षिण भारतातील ज्या लोकांचा रंग मोजला, त्यांच्या रंगातल्या फरकापैकी सुमारे पाव भाग या एका जनुकाने उलगडला. उरलेला भाग इतर अनेक जनुकांचा. म्हणूनच एकाच आईची दोन लेकरे, एक उजळ आणि एक काळेसावळे निपजते, आणि शेजारपाजारच्या बाया उगाच आईकडे संशयाने पाहतात!

इथे कोणी म्हणेल, जातीजातींत सरासरी रंगाचा फरक दिसतो तो खोटा काय? खोटा नाही. चळवळीने सोयीचे तेवढेच विज्ञान घेऊ नये, असे आमचे मत आहे. २००९ साली भारतीय समाजांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की जवळपास सगळे भारतीय दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले आहेत. एकाचा अंश उत्तरेत आणि वरच्या म्हणवणाऱ्या जातींत जास्त, दुसऱ्याचा दक्षिणेत आणि खालच्या ठरवलेल्या जातींत जास्त. पण मुख्य भूमीवर शुद्ध असा एकही समाज सापडला नाही. शंकराचार्यांच्या पीठापासून पालातल्या भटक्यांपर्यंत सगळेच मिश्र! २०१३ च्या पुढच्या अभ्यासाने या मिसळणीचा काळही काढला : साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षे या भूमीत माणसे एकमेकांत मिसळत होती आणि नंतर ते थांबले. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली सांगितले की, अनेक उच्च म्हणवणाऱ्या समाजांत ही मिसळण सुमारे ७० पिढ्यांपूर्वी एकाएकी बंद पडली. पिढी बावीस-तेवीस वर्षांची धरली तर हा काळ गुप्त राजवटीचा येतो.

हे वाचताना आम्हाला १९१६ सालचे न्यूयॉर्क आठवते. कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा आपला निबंध वाचला. भारतातले लोक मिश्र आहेत, आणि मिसळलेल्या माणसांवर बेटीबंदी लादली गेली तेव्हा जात जन्मली, असे त्या निबंधाचे सार. हाती सूक्ष्मदर्शक नाही, रक्ताचा नमुना नाही, डीएनएची रचना कळायला तर आणखी सदतीस वर्षे होती. केवळ समाजरचनेच्या अभ्यासातून त्यांनी जे ओळखले, त्याची खूण आज प्रयोगशाळेत माणसाच्या पेशीपेशीत सापडते आहे. अस्पृश्यतेचा उगम त्यांनी पुढे १९४८ च्या ग्रंथात इसवी सन ४०० च्या सुमाराचा धरला. बेटीबंदी आणि अस्पृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा एकीच्या तारखेने दुसरीची तारीख सिद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही. पण काळाची ही जवळीक विचार करायला लावणारी आहे.

त्याच १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी नाकांचा हिशेब केला आहे. इंग्रज अधिकारी रिस्ले याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांची नाके मोजून, नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत ठोकला होता. जनगणनेचा आयुक्त झाल्यावर तोच सिद्धांत सरकारी कागदावर चढला. बाबासाहेबांनी काय केले? रागावून मोजमापे फेकून दिली नाहीत. त्यांनी डॉ. घुर्ये यांनी मांडलेली आकडेवारी घेतली, प्रांताप्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी ठेवले आणि दाखवून दिले की दोघांच्या नाकात वंश वेगळा ठरवण्याजोगे अंतर नाही. ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असेल तर अस्पृश्यही द्रविड. हेच ते १९३६ साली जातिसंहाराच्या भाषणात वेगळ्या शब्दांत मांडून गेले होते : पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, जात हा वंशभेद नव्हेच.

आता थोडे घरातले बोलू. २००१ साली आंध्रातील तेलुगु जातींच्या डीएनएचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वरच्या जातींतील पुरुषांची जनुके युरोपीयांच्या अधिक जवळची आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली आणि तेव्हापासून चळवळीतले काही वक्ते सभा-शिबिरांतून 'डीएनएने सिद्ध झाले, ब्राह्मण विदेशी' असे ठणकावून सांगत आले आहेत. टाळ्या पडतात हे खरे. पण ही मांडणी बाबासाहेबांची नव्हे. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त इराणातून आलेल्या आर्यभटांची मांडणी केली, ती त्या काळच्या विद्वानांचेच शस्त्र त्यांच्यावर उलटवण्यासाठी. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ फुल्यांनाच अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धांत खोडून काढला. ऋग्वेदातला वर्ण हा शब्द मुळात रंगाचा नाही, असेही त्यांनी तिथेच मांडले. गुरूला वंदन आणि गुरूशी मतभेद एकाच पुस्तकात! ही आपली परंपरा आहे.

दुसऱ्या बाजूचे लोकही कमी चलाख नाहीत. आर्य बाहेरून आलेच नाहीत हे सिद्ध करण्यासाठी त्यांना अचानक बाबासाहेब आठवतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या सुमारास मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून माणसे इकडे आली, हे स्पष्ट दाखवले आहे. तो पुरावा बाबासाहेबांसमोर नव्हता. स्थलांतर झाले हे आपण मान्य करावे, त्यात भिण्यासारखे काही नाही. पण आलेले मिसळले, आणि जात मिसळणीनंतरची. त्यामुळे स्थलांतराने ब्राह्मण परका ठरत नाही आणि जात नैसर्गिकही ठरत नाही. परका म्हणून कोणाला हाकलायचे ठरवले तर रक्ताच्या प्रत्येक थेंबातून काहीतरी हाकलावे लागेल, आपल्याही! आमचे भांडण कोणाच्या जनुकांशी नाही, विशेषाधिकारांशी आहे.

'तुम्ही दिसायला तसे वाटत नाही' हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? आम्ही महाविद्यालयात ऐकले, नोकरीत ऐकले, भाड्याची खोली शोधताना ऐकले. बोलणारा ते कौतुक म्हणून बोलतो. दुःख याचे की आपल्यातले काहीजण ते कौतुक म्हणून घेतात आणि उजळ रंगाच्या आडोशाने आडनाव लपवतात. गोऱ्या रंगाने मिळालेली ती सवलत दाराशीच संपते, जातीचा दाखला पुढे करावा लागला की रंग कामी येत नाही.

या सगळ्या न्यूनगंडावर बाजार पोसला गेला. 'फेअर अँड लव्हली' भारतात १९७५ साली आली आणि २०२० साली जगभर वंशभेदाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा तिने नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' घेतले. डबीवरचा शब्द गेला, विकण्याचे कारण तेच राहिले. २००५ पासून पुरुषांसाठीही गोरेपणाची क्रीम आहे, बाजार समतावादी असतो! पण मोठ्या कंपनीच्या क्रीमपेक्षा घातक माल गल्लीबोळात मिळतो. स्टिरॉइड घातलेली मलमे पूर्वी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत. २०१८ साली केंद्र सरकारने त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, तरी काउंटरवर काय चालते ते आपण जाणतोच. दोन आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लव वाढते, उन्हात आग होते आणि मलम सोडवत नाही. त्याहून वाईट पारा. तो मेलॅनिन बनवणारी प्रक्रिया रोखतो म्हणून गोरेपणा येतो आणि तोच मूत्रपिंडात जाऊन बसतो. अकोल्यातील एका कुटुंबातल्या महिलांना क्रीम लावून मूत्रपिंडाचा आजार झाल्याचे आणि त्या क्रीममध्ये पारा आढळल्याचे २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांतून आले होते. ज्या डबीवर कारखान्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ती घरात आणू नका.

आणि या गोरेपणाच्या वेडाचा दांभिकपणा पाहायचा असेल तर कोड आलेल्या मुलीच्या घरी जाऊन पाहा. तिथे शरीराचीच संरक्षक यंत्रणा चुकून रंगपेशींवर हल्ला करते आणि कातडीवर पांढरे डाग पडतात. तो संसर्ग नाही, तो कुष्ठरोग नाही. पण पांढरेपणासाठी जीव टाकणारा समाज त्या पांढऱ्या डागाला मात्र घाबरतो आणि तिच्या धाकट्या बहिणीचेही लग्न मोडतो.

शास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवले की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत असतात. कातडीचा रंग मात्र याला अपवाद. तो सूर्याने घडवला म्हणून प्रदेशाप्रदेशात ठळक दिसतो. हजारो जनुकांतले जे थोडे नियमाला सोडून आहेत, तेवढेच डोळ्यांना दिसतात आणि आपण त्यावरून माणसाचे सारे अंतरंग ठरवतो.

म्हणून जिल्ह्यात वधू-वर मेळावे भरवणाऱ्या आपल्या मंडळांकडे आमची साधी मागणी आहे. अर्जातला 'वर्ण' हा रकाना काढून टाका. शाहू महाराजांनी ज्या संस्थानात १९१९ साली आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली, तिथे हे अवघड नसावे. जागा रिकामी वाटत असेल तर तिथे सिकलसेल तपासणीचा रकाना घाला. त्या आजारातही जनुकातले एकच अक्षर बदललेले असते, पण त्याने रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात हे अक्षर वाहणारे पुष्कळ आहेत आणि आता नागपूर-चंद्रपूरशी आपल्या सोयरिकी होऊ लागल्या आहेत. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. सरकारने २०२३ साली यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून तपासणीला थोडेसे रक्त पुरते. येत्या हंगामाचे अर्ज छपाईला जाण्यापूर्वी मंडळांच्या कार्यकर्त्यांनी एवढा एक बदल छापखान्याला कळवावा.